न खाल्लेलं खोबरं

चौल
१४ जुलै

चि. प्रणय,

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. वाशीच्या त्या स्पर्धेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीच लिहायला बसलो होतो. पण चार ओळी झाल्या की कागद तसाच ठेवून उठायचो. मग भाताची लावणी आली, मग गुडघा धरला. ही कारणं खरीच आहेत, पण पहिलं कारण जास्त खरं. मला तुझी किळस आली होती. आजाने नातवाला असं लिहू नये हे मला कळतं. पण तू कुणाचा फोन उचलत नाहीस. तुझ्या खोलीतला तो कुलदीप तेवढा तुझ्या आईला सांगतो की बरा आहे, जेवतो, कामावर जातो. पुण्याचा पत्ताही त्यानेच दिला. अक्षर लागत नसेल तर त्यालाच वाचायला सांग. माझी शाळा चौथीपर्यंत, ती तरी कुठे पुरी झाली.

आधी त्या टीव्हीवरच्या मारामारीच्या खेळाबद्दल लिहितो, कारण त्यात मी तुझ्याच बाजूचा आहे.

तुझा जुना खेळ मला कधी समजला नाही, पण त्याची मेहनत मी पाहिली होती. सदाकाकाने तुला टीव्हीला जोडायची ती लाकडी पेटी आणून दिली, वर दांडा आणि बटणं. तू ओसरीवर बसून तो दांडा अर्धा गोल फिरवायचास आणि लगेच बटण दाबायचास. खट् खट् खट्, दुपारभर. मी म्हणायचो, पोरगा पेटीतून सुतारपक्षी पाळतोय. पडद्यावरच्या त्या माणसाच्या हातून एक आगीचा गोळा सुटावा म्हणून तू मे महिन्याची अख्खी सुट्टी घालवलीस. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला. तो घट्टा बघून मला बरं वाटायचं. म्हटलं, पोरगा काहीतरी करतोय.

मग खेळ काढणाऱ्या कंपनीने जुन्या खेळाच्या स्पर्धा बंद केल्या आणि हा नवा आणला. ह्यात म्हणे सोपं बटण. दाबलं की गोळा. शेंबड्या पोराने दाबलं तरी गोळा, मांजराने पाय ठेवला तरी गोळा. शिकाऊ माणसाला जड जाऊ नये म्हणून केलंय, असं तुझी बहीण रुचिका म्हणाली. मी म्हटलं, "मग पोहायला शिकणाऱ्यांसाठी रेवदंड्याचा समुद्रही गुडघाभर करा." ती हसली. तेव्हा ती हसायची.

वाशीच्या त्या हॉलमध्ये बसून तर मला शिसारीच आली. हाडं गारठवणारी हवा, लाह्यांचा तुपकट वास, आणि माईकवरची ती दोन पोरं. कुणी साधी लाथ मारली तरी कुणाचं घर पेटल्यासारखी बोंबलायची. ज्याला काही येत नाही त्यालाही "काय खेळतोय, काय खेळतोय!" माझ्या मनात आलं, सगळंच जर वा वा, तर मग वा कशाला म्हणायचं?

इथपर्यंत तू आणि मी एक.

पुढचं मात्र लिहायलाच हवं. शेवटच्या सामन्यात तू आणि तुझी सख्खी बहीण समोरासमोर आलात. तू तुझ्या दांड्यावर, ती सोप्या बटणांवर. नियमात दोन्ही बसतं, हे तुला माहीत होतं. ती जिंकली. खरं सांगतो, मी तू जिंकशील असं धरून चाललो होतो. त्या सकाळी देवळात नारळ फोडला होता, त्याची अर्धी वाटी मीच रुचिकाच्या डब्यात ठेवली होती. म्हटलं, दोघांत जो जिंकेल तो दुसऱ्याला भरवेल. माझ्या डोळ्यांसमोर तू तिला भरवत होतास.

रीत तुला सांगायला नको, पण तू ती विसरल्यासारखा वागलास म्हणून लिहितो. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढतात. एकाने धरायचा, दुसऱ्याने आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला. फुटलेल्या नारळाचं खोबरं जिंकलेला हरलेल्याला भरवतो, आणि ते खाल्ल्याशिवाय हरलेल्याने जागा सोडायची नाही. खाल्लं नाही तर जिंकलेल्याची जीत अधांतरी. असं न खाल्लेलं खोबरं आपण कुणी घरात आणत नाही. लहानपणी तू रडत रडत खायचास, पण खायचास.

ती पोरगी मंचावरून खाली आली, डबा उघडला आणि तुकडा तुझ्या तोंडाशी नेला. लोक हसले. त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, पोरगी भावाला खिजवते आहे. पण तुला ठाऊक होतं. आणि तू तिच्या हातावर फटका मारलास. तुकडा खुर्च्यांखाली गेला. वर माईक घेऊन काय बोललास ते आता अख्ख्या जगाच्या फोनवर आहे. "ह्याला खेळ म्हणू नका. माझी बहीण एका बोटाने खेळते." आणि बॅग उचलून चालता झालास.

मी खुर्च्यांखाली वाकून तो तुकडा शोधत होतो. लोक माझ्याकडे बघत होते.

आता ऐक. रुचिकाचं नाव हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेसाठी निघालं आहे. येत्या वीस ऑगस्टच्या आत तिने हो कळवायचं. ती कळवत नाही. तिची आई रोज तिच्या मागे लागते, ती एकच बोलते, "दादानं खाल्लं न्हाय, म्हंजे मी जिंकलीच न्हाय. मंग जाऊ कशाला?" मी ओरडलो, समजावलं, जेवणावरून उठलो. काही उपयोग नाही. हट्टी आहे. कुणावर गेली ते मला विचारू नको.

तू फक्त तिला फोन कर.

तुझा आजा
अंबाजी


चौल
२३ जुलै

चि. प्रणय,

उत्तर आलं नाही. पोस्टात गहाळ झालं असेल असं तुझ्या आईला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांदूळ निवडत राहिली.

एक गोष्ट तुला हसू येईल म्हणून लिहितो. मी तो नवा खेळ खेळलो.

रुचिका तर त्याला हात लावत नव्हती. मी म्हटलं, मला दाखव, मला बघायचंय हे एवढं कशावरून चाललंय. मनात हे, की नीट बघून मग नीट शिव्या देईन. तुझी ती जुनी पेटी माझ्याकडून कधी चालली नाही. तू किती शिकवलंस, माझी बोटं म्हणजे भिजलेली मशेरी. आणि ह्यात? पहिल्याच दुपारी माझ्या माणसाच्या हातून आग! मी घाबरून मागे सरलो. मग इतका संताप आला की काय सांगू. ज्याला तुझी अख्खी सुट्टी गेली ते ह्या म्हाताऱ्याला चहा गार होईपर्यंत मिळालं. हे काय मिळणं झालं? करवत हातात दिली म्हणून कुणी सुतार होतो? मी हातातलं यंत्र फेकलं आणि अंगणात जाऊन थुंकलो.

दुसऱ्या दिवशी शेजारची मनुबाई मालिका बघायला आली होती. तिने विचारलं, "ह्यो काय लहान पोरांचा तमाशा?" रुचिकाने तिच्या हातात दुसरं यंत्र दिलं. तुला मनुबाई माहीत आहे. तिला फोनवरचा हिरवा गोल आणि लाल गोल अजून ओळखता येत नाही. ती एकच बटण दाबत बसली. तेच, तेच, तेच. आणि मी हरलो. पुन्हा हरलो. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "अंबाजी, तुजा मानूस सारका सारका कशापाय झोपतो?"

मी रुचिकाला म्हटलं, "हे फाऊल हाय. तिला खेळता येत न्हाय."

रुचिका म्हणाली, "आजा, ती येकच बटन दाबते ते तुला म्हाईत हाय?"

"हाय की!"

"मंग तू अडवत का न्हायस?"

मग मी थांबून मनुबाईची लाथ अडवायला लागलो. तेव्हा तिने लाथ सोडून माझा पाय धरला आणि मला आपटलं. मी तिच्या पडद्यावरच्या माणसाकडे बघायचं सोडलं आणि तिच्याकडे बघू लागलो. मारायच्या आधी ती ओठ चावते. हे कळल्यावर मी एकदा जिंकलो. एकदाच. पण त्या एकदाचा मला जो आनंद झाला त्याची दुसऱ्या दिवशी मला लाज वाटली.

मी रुचिकाला विचारलं, "खरं सांग, तुला वाटतं का हा तुझ्या दादाच्या खेळाएवढा मोठा हाय?" तिने हातातलं यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाली, "जुन्यात हात बोलायचे, आजा. दादाचे हात बघितले की कळायचं ह्यो कोन हाय. ते ह्यात न्हाय. कधी कधी चांगल्या मानसाला कुनी पन अंदाजानं पाडतो. ते मला बी आवडत न्हाय. पन सोप्या बटनाला मार कमी बसतो, जुन्या पद्धतीला जास्त. ते दादानं सांगितलं न्हाय कुनाला."

हे खरं का? सोपं बटण वापरलं तर समोरच्याला मार कमी? मग ती तुझ्यापेक्षा जास्त वेळा मारूनच जिंकली असणार. मला खेळातलं कळत नाही, पण एवढा हिशोब कळतो.

आणखी एक सांगतो. तुझ्या आईने तुझा जुना खेळ कधी शेवटपर्यंत पाहिला नाही. तुझा अभिमान होता, पण कोण कुणाला मारतोय हेच तिला कळायचं नाही. थोड्या वेळाने ती भाकऱ्या करायला उठायची. वाशीला ती खुर्चीवर उभी होती. तिला सगळं कळत होतं. तू मार खाल्लास की ती डोळे झाकायची आणि रुचिकाने खाल्ला की तेच. बघणाऱ्याला कळणं हे खेळाचं चांगलं लक्षण की वाईट, ते मला ठरवता येत नाही. तमाशा सगळ्यांना कळतो. कीर्तनही कळतं.

पण मला अजून वीट येतो त्या खेळाचा. हे मनुबाईला सांगू नको, ती रोज येते.

वीस तारीख लक्षात ठेव.

आजा


चौल
३१ जुलै

प्रणय,

परवा रुचिका बोलता बोलता बोलून गेली. तिने हैदराबादला नाव दिलं नाही तर तिच्या जागी दुसऱ्या नंबरवाला जातो. दुसऱ्या नंबरवाला तू.

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. जो विचार मनात आला तो लिहूही नये असा आहे, पण न लिहिला तर मी त्याच्यासकट झोपू शकत नाही. तू गप्प आहेस तो रागाने गप्प आहेस, की वीस तारीख जाण्याची वाट बघत गप्प आहेस?

असं असेल तर थू. त्या खेळावर नाही, तुझ्यावर.

असं नसेल तर हे पत्र फाडून टाक, आजा म्हातारा झाला म्हण, वाटेल ते म्हण. पण म्हण. काहीतरी म्हण. तुझ्या बहिणीला मी हे विचारलं तर म्हणाली, "दादा असा न्हाय." इतक्या चटकन म्हणाली की मी तिच्यासमोर मान वर करू शकलो नाही.

अंबाजी


चौल
१० ऑगस्ट

चि. प्रणय,

मागचं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पेटीत हात घालून परत काढावं असं वाटलं. हात जात नाही त्या फटीत. घालून बघितला.

पौर्णिमा झाली. बंदरावर जावं असं वाटत नव्हतं, पण अंबाजी आला नाही तर लोक म्हणतात, आजारी आहे. त्यापेक्षा गेलेलं बरं. माझा नारळ मी महिनाभर आधी निवडून ठेवला होता, तुला माहीत आहे माझी खोड. वाडीतल्या ढिगातून वेचायचा, बुटका, टोकाकडे निमुळता. नखाने वाजवायचा. दगडासारखा वाजला की तो ठेवायचा आणि बायकांना सांगून ठेवायचं की हा चटणीला घ्यायचा नाही.

गर्दी बरीच होती. मी तीन जणांचे नारळ फोडले आणि मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं. तिघांनाही भरवलं. मग मागून आवाज आला, "अंबाजी, माजा बी घे की."

मनुबाई. हातात नाक्यावरच्या दुकानातला नारळ, पूजेसाठी घेतलेला, शेंडीला अजून हळद. लोक हसायला लागले. मी म्हटलं, "मनुबाई, पूजेचा हाय, राहू दे, फुटंल."

"देवाला बी फोडूनच देयाचाय. तू फोड, न्हायतर मी फोडते."

मी माझा धरला. तिने ओठ चावला. ते मला दिसलं, आणि तरी मी काही करू शकलो नाही, कारण नारळ धरायचा म्हणजे धरायचा. तिने वरून आपटला, धुणं आपटतात तसा. माझा महिन्याचा नारळ उभा चिरला. पाणी माझ्या सदऱ्यावर.

कुणीतरी शिट्टी मारली. आणि प्रणय, मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात काय होतं सांगू? "ह्याला काय अक्कल लागते? हिला वाजवून बघता येत न्हाय, धरता येत न्हाय, नुसता आपटायचा, ह्यो काय खेळ झाला?" सगळं अगदी दातांपर्यंत आलं होतं, माझे जे दोन दात उरलेत तिथपर्यंत. शब्द तुझे होते. आवाज माझा होता. ऐकायला इतकं घाणेरडं वाटलं, मनातल्या मनातसुद्धा, की मी तोंड मिटलं.

मनुबाईने माझ्याच नारळाचा तुकडा काढला आणि माझ्या तोंडाशी आणला. "घे."

मी घेतला. पण चावता येईना. ओलं खोबरं असलं तरी दोन दातांनी काय होणार? मी तो ह्या गालातून त्या गालात फिरवत राहिलो. आणि सगळी माणसं थांबली होती, कारण मी गिळेपर्यंत पुढचा नारळ लागत नाही. "चाव की रं म्हाताऱ्या, मला घरी सैपाक हाय!" मनुबाई ओरडली. लोक हसत होते. बेशरमासारखे हसत होते. मला वाटलं, समुद्रात शिरावं. माझ्या मागे रुचिका उभी होती, ती कधी आली मला कळलंच नाही. ती हसत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. फक्त बघत होती.

मी गिळला. राग कशाचा आला सांगू? खोबरं गोड होतं. कडू निघालं असतं तर बरं झालं असतं.

मग पुढचा नारळ लागला. कुणी मला काही म्हटलं नाही. हसणंही संपलं होतं. थोडी जागा करून मला बसायला दिली, तिथून मी मनुबाईचा पुढचा सामना बघितला. ती पहिल्याच फटक्याला हरली. तिने खोबरं खाल्लं आणि उरलेला नारळ घेऊन स्वयंपाकाला गेली.

घरी आल्यावर मला जे करायचं होतं ते केलं. वाशीला खुर्च्यांखाली जो तुकडा सापडला तो मी टाकला नव्हता. टाकायचा कसा? आणि घरात आणायचा कसा? म्हणून गोठ्याच्या वाशाला बांधून ठेवला होता. नंतर पावसात कुजेल म्हणून मनुबाईच्या चुलीवर शिंक्याला टांगला. तिला सांगितलं, विचारू नको. तिने विचारलं नाही. आता तो चांगला सुकला आहे. धुराचा वास येईल. थोडा काळाही पडलाय, पण कीड नाही, मी बघितलं आहे. एक कोपरा खरवडून चाखलाही.

तो ह्या पाकिटात आहे. पोस्टातली बाई पाकीट चाचपेल, म्हणेल, "आजोबा, आत काय?" मी म्हणेन, औषध. मग मारेल ती शिक्का.

आता मी जे सांगतो ते फोनवर सांगता आलं असतं तर बरं होतं. तो खेळ चांगला आहे असं मी म्हणणार नाही. मला तो आवडत नाही. सोप्या बटणाचा, त्या बोंबलणाऱ्या पोरांचा, सगळ्याचा मला वीट येतो. तुझ्या हाताच्या घट्ट्याला तिथे किंमत राहिली नाही, हे तुझं दुःख खरं आहे, आणि त्यासाठी मी तुझ्याबरोबर भांडेन, कंपनीच्या दारात बसेन. पण ते सगळं खाऊन झाल्यावर. आधी खा. मग म्हण, हा खेळ फालतू आहे. मीही तुझ्याबरोबर म्हणेन. न खाता म्हणालास तर ते कुणालाच ऐकू येत नाही. त्यातून फक्त एवढंच ऐकू येतं, की तू हरलास.

तुला वाटेल मी रुचिकाच्या जागेसाठी लिहितोय. हो, त्यासाठीही लिहितो. ती गेली पाहिजे. ती तिथे पहिल्या दिवशीच मार खाऊन परत आली तरी चालेल, तिच्या डब्यात मी खोबरं देणार नाही, तिथल्या लोकांना कळणार नाही. पण ती घरी बसून राहिली आणि तिच्या जागी तू गेलास, तर तिथे जिंकलास तरी तुला भरवायला कोण असेल?

तुझी आई म्हणते, जास्त लिहू नका, तो चिडेल. म्हणून थांबतो.

वीस तारीख जवळ आली. पत्र मला लिहू नको, वेळ नाही. कुलदीपच्या फोनवरून तुझ्या बहिणीला एकच शब्द पाठव, "खाल्लं." ती दिवसातून दहादा फोन उलटा करून ठेवते आणि पुन्हा सुलटा करते. लवकर कळव रे. आणि दात चांगले आहेत तुझे, नीट चावून खा.

तुझा आजा
अंबाजी